धूर कधी येतो, ते आधी लिहून ठेवा

घरातली गाडी जुनी झाली की एक वाक्य कधी ना कधी कानावर पडतेच : “इंजिन खोलावे लागेल.” शब्द तीनच, पण त्यांच्यामागे पंचवीस-तीस हजार रुपये उभे असतात. मुलांची फी, घराची डागडुजी, कुणाच्या निकाहसाठी बाजूला ठेवलेली रक्कम डोळ्यांसमोर येते. गाडी बंद ठेवावी तर शाळा, दवाखाना, बाजार सगळेच अडते. आणि इंजिनातले आपल्याला काही कळत नाही, म्हणून आपण मान हलवतो.

या महिन्यात मला एवढेच सांगायचे आहे की मान हलवण्याआधी आठ दिवस थांबा आणि गाडीकडे नीट पाहा. सायलेन्सरमधून धूर येणे किंवा उभी गाडी थरथरणे हा आजार नव्हे, ती लक्षणे आहेत. ताप आला की डॉक्टर आधी विचारतात : कधीपासून येतो? सकाळी येतो की रात्री? थंडी वाजते का? गाडीलाही हेच प्रश्न विचारायचे असतात. गंमत अशी की त्यांची उत्तरे मेकॅनिकजवळ नसतात, ती घरातल्या माणसांजवळ असतात. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी गरम झालेली असते. सकाळचा धूर केव्हाच विरून गेलेला असतो. मेकॅनिकला दिसते ती फक्त एक जुनी गाडी, आणि कानावर येते ते आपले एक वाक्य : “धूर मारते.”

इथे मी पेट्रोलच्या जुन्या गाड्यांविषयी लिहिते आहे. डिझेलच्या धुराचे नियम थोडे वेगळे असतात.

इंजिनात काय जळते?

पेट्रोलच्या इंजिनात तीन गोष्टी जमून याव्या लागतात : हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, ते दाबून धरणारे घट्ट सिलिंडर, आणि अचूक वेळी पडणारी प्लगची ठिणगी. या तिन्ही ठीक असतील तर सायलेन्सरमधून डोळ्यांना दिसेल असे फारसे काही बाहेर पडत नाही.

धूर दिसतो तेव्हा जळण्याच्या जागी नको ते काहीतरी शिरलेले असते. ते तीनच प्रकारचे असू शकते. पाणी किंवा कूलंट शिरले तर धूर पांढरा. इंजिन ऑइल शिरले तर निळसर. पेट्रोलच गरजेपेक्षा जास्त आले तर काळा. एवढे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. पण नुसत्या रंगावर थांबले की फसगत होते.

उर्दू शिकवताना मी मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते की बे, पे आणि ते या अक्षरांचे अंग एकच आहे. नुक्ते किती आणि कुठे, यावरून अक्षर ठरते. नुक्ता पाहिला नाही तर शब्द चुकतो. धुराचा रंग हे अक्षराचे अंग समजा. तो कोणत्या वेळी येतो, हा नुक्ता. त्याशिवाय वाचन पूर्ण होत नाही.

पांढरा धूर : प्रत्येक वेळी घाबरू नका

थंडीच्या किंवा पावसाळ्याच्या सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, कधी पाण्याचे थेंबही गळतात. हे नैसर्गिक आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. सायलेन्सर थंड असताना ते वाफेच्या रूपाने दिसते. पाच-दहा मिनिटांत गाडी तापली की ते दिसेनासे होते. याला इलाज नको.

काळजी करायची ती गाडी पूर्ण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर. तेव्हा तीन गोष्टी तपासा. पहिली, कूलंटच्या बाटलीतली पातळी रोज उतरते आहे का, आणि तरीही जमिनीवर गळतीचा डाग नाही, असे आहे का? दुसरी, इंजिन ऑइलची कांडी म्हणजे डिपस्टिक बाहेर काढली तर ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसते का? तिसरी, तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर जातो का? ही उत्तरे ‘हो’ येऊ लागली तर हेड गॅस्केट गेल्याचा दाट संशय घ्यायला हवा. इंजिनाचे डोके आणि धड यांच्यामधली ही पातळ चकती फाटली की कूलंट सिलिंडरमध्ये शिरते.

कूलंटच्या धुराला गोडसर वास असतो, असे सांगतात आणि ते खरे आहे. पण आपल्याकडे पुष्कळ गाड्यांत साधे पाणीच भरलेले असते. त्याला वास येणार नाही. म्हणून वासापेक्षा पातळीवर भरवसा ठेवा.

आणखी एक. कोकणात पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरते. ती नुसत्या दमटपणाचीही असू शकते, कारण इतक्या कमी अंतरात इंजिन पुरते तापतच नाही. झाकण पुसून गाडी एकदा चाळीस-पन्नास किलोमीटर चालवा. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट उतरत नसेल तर केवळ त्या सायीवरून कुणाला इंजिन खोलू देऊ नका.

रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडायचे नाही. आतले उकळते पाणी दाबाखाली असते आणि तोंडावर उडते. आणि कूलंटचा डबा मुलांच्या व मांजरांच्या पोहोचेबाहेर ठेवा. ते चवीला गोड असते, पण विषारी असते.

काळा धूर : बहुधा स्वस्तात सुटतो

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. सोबत पेट्रोलचा वास येतो, अॅव्हरेज घसरते. सायलेन्सरच्या तोंडात काजळी धरते. इंजिन थंड असताना एक पांढरी चिंधी सायलेन्सरच्या आतून फिरवा. कोरडी, पावडरीसारखी काजळी आली तर ती पेट्रोलची. चिकट, तेलकट काळे आले तर ते ऑइल आहे, आणि पुढचा निळ्या धुराचा भाग तुमच्यासाठी आहे.

कार्ब्युरेटरच्या गाडीत आधी चोक पाहा. सकाळी ओढलेला चोक आत ढकलायचा राहून गेला किंवा त्याची तार अडकली तर गाडी दिवसभर पेट्रोल पीत राहते. त्यानंतर एअर फिल्टर. मग कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई : ती झिजली की पेट्रोल थांबत नाही. एमपीएफआय गाडीत, म्हणजे संगणक पेट्रोल मोजून देतो त्या गाडीत, कूलंटचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडला की संगणकाला वाटते इंजिन अजून थंडच आहे, आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ऑक्सिजन सेन्सर किंवा गळका इंजेक्टर हीही कारणे असतात. यातल्या एकाही कारणासाठी इंजिन खोलावे लागत नाही.

निळा धूर : इथे वेळ सर्वांत महत्त्वाची

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘ऑइल खाते’. “इंजिन खोलावे लागेल” हे वाक्य इथेच जास्त ऐकू येते, आणि घाईही इथेच होते. कारण ऑइल आत शिरण्याच्या वाटा चार आहेत. त्यांतली एकच फार खर्चाची आहे.

पहिली वाट अगदी साधी : ऑइलच जास्त भरलेले असणे. सपाट जागेवर गाडी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या बरीच वर असेल तर जादा ऑइल काढून टाकले की धूर थांबू शकतो.

दुसरी वाट पीसीव्ही वॉल्व्हची. इंजिनाच्या पोटात साठणारे वायू पुन्हा जळण्यासाठी आत ओढून घेणारी ही छोटी एकेरी झडप आहे. ती अडकली किंवा ब्रीदर पाइप तुंबला की वायूंबरोबर ऑइलही ओढले जाते. सुटा भाग स्वस्त, आणि बदलायला फार वेळही लागत नाही.

तिसरी वाट वॉल्व्ह सीलची. वॉल्व्हच्या दांड्यावर बसवलेल्या या रबरी टोप्या वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात. रात्रभर त्यांच्यातून थेंब थेंब ऑइल खाली उतरते. सकाळी गाडी सुरू केली की निळ्या धुराचा एक मोठा लोट निघतो आणि मिनिटभरात संपतो. मग दिवसभर धूर जवळजवळ नाही. दुसरी खूण घाटात दिसते. कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिनात ओढ निर्माण होते आणि ती सीलमधून ऑइल खेचते. खाली येऊन अॅक्सिलरेटर दाबला की मागे निळा लोट. सकाळी आणि उतारानंतर, या दोन वेळा लक्षात ठेवा.

चौथी वाट रिंगांची, आणि ही खर्चाची. पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजले की चढावर, ओव्हरटेक करताना, गाडी भरलेली असताना, म्हणजे जोर लावला की धूर येतो आणि जोर असेपर्यंत येत राहतो. गाडी गरम झाली म्हणून तो थांबत नाही. पिकअप कमी होतो. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण जपून सैल केले तर आतून भकाभका धूर बाहेर येतो. हे मेकॅनिकलाच करू द्या, गरम ऑइल उडते. पण ब्रीदर तुंबला असला तरीही असेच होते. म्हणून रिंगांना दोष देण्याआधी दुसरी वाट तपासलेली असली पाहिजे.

माझ्या मामूंची वीस वर्षांहून जुनी छोटी पेट्रोल गाडी आहे. एका गॅरेजमध्ये त्यांना रिंग-पिस्टनचे काम सांगितले गेले, बत्तीस हजारांचा अंदाज मिळाला. मुमानींनी एक काम केले. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच गाडी उभी असते. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या रोज दोन ओळी लिहू लागल्या : सकाळी धूर, निळा, अर्धा मिनिट. पहिली दोन मिनिटे गाडी थरथरली, मग ठीक. दुपारी परत सुरू केली, धूर नाही. कराडला जाऊन आल्या दिवशी मामूंनी भर घातली : चढावर धूर नाही, घाट उतरल्यावर एकदा. दहा दिवसांच्या या नोंदी दुसऱ्या मेकॅनिकने वाचल्या आणि म्हणाला, “हे रिंगांचे दिसत नाही.” त्याने कॉम्प्रेशन तपासले, तीनही सिलिंडर सारखे निघाले. प्लग काढले तर मधल्या सिलिंडरचा प्लग ऑइलने ओला होता. हेड न उतरवता, प्लगच्या भोकातून दाबाची हवा भरून वॉल्व्ह वर धरले आणि सील बदलले. प्लगांसह एकूण खर्च साडेचार हजार. धूर गेला आणि सकाळची थरथरही गेली, कारण ओल्या प्लगमुळेच ते सिलिंडर पहिली दोन मिनिटे पेटत नव्हते.

सगळ्यांचेच इतके स्वस्तात सुटेल, असे मी म्हणत नाही. त्यांच्या नोंदीत “चढावर धूर, सतत” असे असते तर निदान वेगळे आले असते. पण तेव्हाही ते पाहून, मोजून आले असते.

उभी गाडी का थरथरते?

गिअर न्यूट्रलमध्ये, पाय अॅक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन चालू, याला आयडलिंग म्हणतात. गॅरेजमध्ये याला ‘स्लो’ म्हणतात. मारुती ८०० आणि ओम्नीसारख्या ७९६ सीसीच्या गाड्यांत तीनच सिलिंडर असतात. इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४५० वेळा पेटते. त्यातले एक पेटेनासे झाले की मिनिटाला ४५० ठोके चुकतात आणि एक तृतीयांश ताकद जाते. चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा ही थरथर जास्त जाणवते ती यामुळेच.

आधी एक साधी परीक्षा. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि सायलेन्सरच्या आवाजाकडे कान द्या. आवाज एकसारखा असेल आणि तरी आत सीट व स्टिअरिंग थरथरत असेल, तर दोष इंजिनाचा नसून त्याच्या रबरी आधारांचा असू शकतो. गॅरेजमध्ये त्यांना इंजिन फाउंडेशन म्हणतात. ते रबर फाटले की निरोगी इंजिनही गाडी हलवते. पण आवाजात मध्येच ठोका चुकत असेल, “फट्, फट्, …, फट्” असे ऐकू येत असेल, तर एखादे सिलिंडर नीट पेटत नाही. यालाच ‘मिसिंग’ म्हणतात.

मिसिंगची कारणे स्वस्ताकडून महागाकडे तपासत जावे. सुरुवात प्लगपासून. इंजिन थंड असताना मेकॅनिककडून प्लग काढून घ्या आणि क्रमाने कागदावर मांडा. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे ठीक. कोरडे काळे म्हणजे पेट्रोल जास्त. ओले, तेलकट काळे म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ऑइल. अगदी पांढरे, भाजल्यासारखे म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे किंवा उष्णता जास्त होते आहे. एकच प्लग वेगळा दिसला तर शोध त्या एका सिलिंडरपुरता उरतो. मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावा. मिसिंगही शेजारी गेली तर दोष प्लगमध्येच आहे. हीच युक्ती प्लगच्या वायरीला आणि कॉइललाही चालते.

फक्त पावसाळी सकाळी थरथरणारी गाडी असेल तर प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी पाहावी. ओल धरली की ठिणगी प्लगपर्यंत न पोहोचता वाटेतच निसटते. रात्री अंधारात बॉनेट उघडले तर ती निळी चमक कधी कधी डोळ्यांनाही दिसते. इंजिन चालू असताना या वायरींना हात मात्र लावू नका, जोराचा झटका बसतो.

नंतर येतात हवेच्या नळ्या. इंजिनाला जोडलेली एखादी रबरी व्हॅक्यूम नळी तडकली तर मोजणीबाहेरची हवा आत शिरते. स्लो एकदा वर, एकदा खाली होत राहतो, कान दिला तर ‘स्स्’ असा आवाज येतो. पन्नास-शंभर रुपयांच्या नळीने हा त्रास जातो. एमपीएफआय गाडीत थ्रॉटल बॉडी आणि आयडल वॉल्व्हवर काजळी बसली की स्लो टिकत नाही, एसी लावला की इंजिन बंद पडू पाहते. तिथे साफसफाई पुरते.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते, ते लवकर फुगतात किंवा तडकतात. इथेनॉल पाणीही शोषून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या गाडीत हे पेट्रोल साठवू नये. कार्ब्युरेटर स्वतःहून मिश्रण बदलू शकत नाही. त्यामुळे अशा गाडीत पेट्रोलचे प्रमाण थोडे कमी पडून स्लो खडबडीत होऊ शकतो. कार्ब्युरेटर पुन्हा सेट करून घ्यावा आणि दर सर्व्हिसिंगला नळ्या तपासून घ्याव्यात.

सीएनजी किट असलेल्यांजवळ तर फुकटची परीक्षा आहे. तीच गाडी एक दिवस पेट्रोलवर आणि एक दिवस गॅसवर चालवा. एकाच इंधनावर थरथरली तर दोष त्या इंधनाच्या बाजूला. दोन्हींवर सारखीच थरथरली तर प्लग, हवा, टॅपेट किंवा कॉम्प्रेशन.

तीन परीक्षा, मग निर्णय

पीयूसीची पावती आपण घेतो आणि डॅशबोर्डमध्ये टाकून विसरतो. ती खरे तर गाडीच्या रक्ततपासणीचा कागद आहे. पेट्रोल गाडीच्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन असे दोन आकडे असतात, त्यांच्या मर्यादाही छापलेल्या असतात. कार्बन मोनॉक्साइड फार वाढलेला असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. तो ठीक आणि हायड्रोकार्बनच फार वाढलेला असेल तर इंधन न जळताच बाहेर पडते आहे, म्हणजे मिसिंग किंवा ऑइलचा संशय. जुन्या पावत्या फेकू नका. मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहिले की बिघाड कधीपासून वाढतो आहे, ते कळते.

दुसरी परीक्षा स्कॅनरची. चेक इंजिनचा दिवा असलेल्या गाडीत स्कॅनर लावला की बिघाडाचे क्रमांक दिसतात. नव्या पद्धतीच्या क्रमांकांत पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरची मिसिंग, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्याची. क्रमांक जागा सांगतो, कारण शोधावेच लागते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा कॉम्प्रेशनची. रिंग-पिस्टनचे काम सांगितले गेले तर हिच्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. प्लगच्या भोकात मीटर लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. आकडा गाडीनुसार बदलतो, पण सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायला सांगा. दाब बराच वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला तर दोष वॉल्व्ह किंवा गॅस्केटचा आहे. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर मधली गॅस्केट गेल्याचा संशय. ही परीक्षा तासाभरात होते आणि हजारोंचा निर्णय तिच्यावर उभा राहतो.

कधी थांबायचे नाही

आठ दिवस पाहा असे मी म्हटले, पण चार प्रसंगी पाहत बसू नका. तापमानाचा काटा लाल भागात गेला तर गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करा. गरम इंजिनावर गार पाणी ओतू नका. ऑइलचा लाल दिवा लागला तर लगेच इंजिन बंद करा, शंभर मीटरही पुढे नेऊ नका. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल आणि गाडी थरथरत असेल तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो अति तापतो. गाडी हळू नेऊन उभी करा. आणि गाडीच्या आत धुराचा किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर काचा उघडा, मुलांना उतरवा, मग पुढचे पाहा.

बंद पडवीत किंवा गॅरेजचे दार लावून इंजिन कधीही चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि तो माणसाला सावध व्हायला वेळ देत नाही.

दुरुस्ती करावी की चालवावी?

निदान झाल्यावर हिशोब मांडा. समजा, गाडी २,००० किलोमीटरला एक लिटर ऑइल खाते आणि तुम्ही महिन्याला ५०० किलोमीटर चालवता. वर्षाला तीन लिटर झाले. लिटरला ४५० रुपये धरले तर १,३५० रुपये. एवढ्यासाठी तीस हजारांचे काम करण्यात अर्थ नाही. दर आठवड्याला डिपस्टिक पाहा, ऑइल भरत राहा, वर्षातून एकदा प्लग बदला. पण तीच गाडी ५०० किलोमीटरला एक लिटर खाऊ लागली तर वर्षाला बारा लिटर, ५,४०० रुपये, वर प्लग पुन्हा पुन्हा खराब होणार, पीयूसी नापास होणार. शिवाय मागून येणाऱ्या माणसाच्या छातीत तो धूर जातो, हाही हिशोबाचाच भाग आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओत गाडी तपासली जाते, तेही ध्यानात ठेवा.

काही जण धूर मारणाऱ्या गाडीत फार घट्ट ऑइल किंवा बाटलीतले औषध घालतात. चार दिवस धूर दबतो, आणि तेवढ्यात गाडी विकून मोकळे होतात. वस्तूतला दोष सांगूनच ती विकावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. गाडी त्याला अपवाद नाही. घेणाऱ्याला खरे सांगा, किंमत कमी करून द्या. आणि तुम्ही घेणारे असाल तर सकाळी जा, “मी येईपर्यंत सुरू करू नका” असे आदल्या दिवशी सांगा, आणि पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागले तर सकाळचा धूर तुमच्यापासून लपवलेला असू शकतो.

वहीत काय लिहायचे?

एक पान पुरे. रोज चार गोष्टी : इंजिन थंड होते की गरम, धुराचा रंग आणि तो किती वेळ टिकला, त्या वेळी गाडी काय करत होती, म्हणजे उभी, चढावर, उतारावर की एसी चालू, थरथर होती का. आठवड्यातून एकदा डिपस्टिक आणि कूलंटची पातळी. पेट्रोल किती भरले आणि किती किलोमीटर झाले, तेही. हे काम घरातले कोणीही करू शकते. आठवी-नववीतल्या मुला-मुलींना द्या. विज्ञानाच्या पुस्तकातले निरीक्षण आणि अनुमान त्यांना अंगणात शिकायला मिळेल.

मेकॅनिकजवळ गेलात की ‘रिंगा बदला’ किंवा ‘प्लग बदला’ असे फर्मान सोडू नका. आपण लक्षण सांगावे, कारण त्याने शोधावे. शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे ठेवा, म्हणजे सकाळी ती थंड असताना तो स्वतः सुरू करून पाहील. चांगल्या कारागिराला असे गिऱ्हाईक आवडते, कारण त्याचाही वेळ वाचतो आणि नावही राहते. बदललेले जुने भाग मागून घ्या आणि झालेले काम त्याच वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी “इंजिन खोलावे लागेल” म्हणाले, तर ती वही त्याच्यासमोर ठेवून आधी कॉम्प्रेशनचे आकडे मागा.